अबोल्याच्या दोन चाव्या

आमच्या गावच्या बँकेचा जन्म छापखान्याच्या मागच्या खोलीत झाला, शाईच्या डब्यांशेजारी. मोठ्या बँका आमच्या लोकांना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून शिंपी, सुतार, पाववाले अशांनी मिळून स्वतःचीच काढली. तिजोरी जुनीच मिळाली, दोन चाव्यांनी उघडणारी. त्या कुणाकडे ठेवायच्या यावर मात्र सभा अडली. शेवटी छापखान्याचे मालक म्हणाले, "ज्यांचं आपसात पटत नाही त्यांच्याकडे द्या. संगनमताची भीतीच नको!"

सगळ्यांच्या माना वळल्या त्या माझ्या वडिलांकडे आणि धाकट्या काकांकडे. वडील शिंपी, काका शेजारीच चष्मे विकायचे. दोन दुकानांमधल्या भिंतीवरून दोघांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य!

तेव्हापासून रोज सकाळी दोघं तिजोरीपुढे यायचे, आपापली चावी फिरवायचे आणि तोंड फिरवून चालते व्हायचे. बँक वाढली, पक्क्या इमारतीत गेली, पण तिची पत टिकून होती ती या अबोल्यावर. "ते दोघं भांडतायत तोवर आपले पैसे सुखरूप," असं लोक हसत हसत म्हणायचे.

खरं तर भिंतीचा राग दोघांच्याही मनातून कधीच गेला होता. वडील काकांचे सदरे शिवून काकूच्या हाती गुपचूप पाठवायचे, आणि काका आईकडे वडिलांसाठी चष्मा द्यायचे. पण चारचौघांत बोलायची सोय नव्हती. गावाचा विश्वास राखता राखता दोन सख्खे भाऊ म्हातारे झाले. सभेतल्या त्या हुशारीचा मला अजूनही संताप येतो.

मग काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. वडील उठले, थेट छापखान्यात गेले आणि मालकांसमोर चावी ठेवली.

"अहो, उद्या ठेवी काढायला रांग लागेल!" मालक हादरलेच.

"लागू दे. भाऊ आहे तो माझा."

दवाखान्यात काकांनी वडिलांना दारात पाहिलं आणि घाबरून इकडेतिकडे बघितलं. "दादा, जा तू," ते कुजबुजले. "कुणीतरी बघेल."

वडील खाटेवर बसले, काकांचा हात त्यांनी घट्ट धरला. "बघू दे," म्हणाले, आणि सगळ्या वॉर्डासमोर मोठ्यांदा रडले.