सामान आणायला जाणारी ताई

आमच्या आश्रयगृहाची ड्रायव्हरताई अंगाने आडवी आणि आवाजाने त्याहून मोठी. तिचं काम एकच. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायका बहुतेक अंगावरच्या कपड्यांनिशी येतात. मागे राहिलेलं सामान आणायला पुढे कधीतरी त्याच घरात पाऊल टाकावं लागतं. तेव्हा ताई आपला टेम्पो काढते. बरोबर एक पोलीस शिपाई असतो, आणि साक्षीला संस्थेची आणखी एक बाई. मी तिथल्या मुलांना वाचायला शिकवते, दुपारी मोकळी असते, आणि माझे पिकलेले केस पाहून सहसा कोणी अंगावर धावून येत नाही. त्यामुळे ती दुसरी बाई बहुधा मीच असते.

ताई स्वतः याच आश्रयगृहात आली होती. नवऱ्याने तिला गाडी शिकवली ती आपण प्यायल्यावर कोणीतरी घरी आणावं म्हणून. "बाकीच्या पिशवी घेऊन घर सोडतात. मी नवऱ्याला पायी ठेवलं आणि गाडी घेऊन आले," असं ती नव्या बाईला हमखास ऐकवते. कागद तिच्या नावावर होते, त्यामुळे त्याला काही करता आलं नाही.

ही झाली हसायची गोष्ट. न हसायची तिने मला एकदाच सांगितली. त्याआधीही ती एकदा घर सोडून आली होती आणि गरम कपडे आणायला म्हणून परत गेली होती. घरात कोणी नव्हतं. गॅसवर दूध उतू जात होतं. "दूध कोणाचं, माझं थोडंच होतं? पण गॅस बंद केला. मग ओटा पुसला. मग सिंकमधली भांडी दिसली. तो आला तेव्हा मी भांडी घासत होते, आजी. दोन वर्षं राहिले पुन्हा."

तेव्हापासून सामान आणायला गेलं की ताई आधी स्वयंपाकघराचं दार अडवून उभी राहते. तिथलं काय हवं ते तिला सांगायचं, ती आणून देणार. कपाट, कागद, मुलांची दप्तरं, पण स्वयंपाकघर नाही. बायका हसतात. मीही हसत असे. पण तिच्या गाडीतून गेलेली बाई त्या घरातच मागे राहिली, असं कधी झालं नव्हतं.

वसंत सरता सरता आम्ही कात्रीवालीचं सामान आणायला गेलो. ही केस कापणारी. आश्रयगृहात आल्यावर आठवड्याभरात तिने सगळ्यांच्या डोक्यांना शिस्त लावली होती. तिची मुलगी सहा वर्षांची, गोल डोळ्यांची. तिला सगळे बटण म्हणत. एका मोठ्या सलूनमध्ये कात्रीवालीची नोकरी ठरली होती. दुकानाच्या मागची खोलीही मिळणार होती. हवं होतं ते तिचं प्रमाणपत्र आणि कात्र्यांची पेटी. बटणला शाळेत सोडून आम्ही निघालो.

नवरा कामावर होता. दार शेजारणीकडच्या किल्लीने उघडलं. ताई सवयीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. पेटी कपाटावर सापडली, प्रमाणपत्र गादीखाली. कात्रीवालीचा चेहरा उजळला होता. "झालं की, ताई! चला."

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली. "कोण आहे? तू आलीस?"

तिथे सासू होती. वर्षभर अंथरुणाला खिळलेली. कात्रीवालीने मला तिच्याबद्दल आधी सांगितलं होतं: मार सुरू झाला की ती रेडिओ मोठा करायची. दार उघडताच वास आला. चादर ओली होती, कधीपासून ते कोण जाणे. कात्रीवालीने पेटी खाली ठेवली.

"फक्त चादर बदलते," ती म्हणाली.

ताई आत आली. "मी बदलते. तू गाडीत बस."

"तुम्हाला जमायचं नाही. तिला डाव्या कुशीवर घेतलं की दुखतं."

तिने म्हातारीला कुशीवर वळवलं, आणि बाही वर सरकली. दंडावर बोटांचे ठसे होते. काळे, कडेने पिवळे पडत चाललेले. असे ठसे कशाचे ते आश्रयगृहात कोणाला सांगावं लागत नाही. कात्रीवालीने स्वतःच्या दंडावर हात ठेवला, बस.

"तू जा," सासू भिंतीकडे बघत म्हणाली. "तो यायच्या आत जा. मला राहू दे."

ती रडली असती, गयावया केली असती, तर कात्रीवाली गेली असती असं मला अजूनही वाटतं. पण म्हातारी तिला जा म्हणाली.

ताईला ते माझ्या आधी कळलं. "हिलाही घेऊ," ती एकदम म्हणाली. "मागे गादी टाकू. जागा आहे." तिने तिथूनच आमच्या अधीक्षिकेला फोन लावला. मॅडम वाईट नाहीत, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. आश्रयगृहात जिना चढू न शकणाऱ्या बाईला घेता येत नाही; शुश्रूषेला माणूस नाही. रुग्णालयाला विचारलं तर त्यांना जवळच्या नातेवाइकाची सही हवी. जवळचा नातेवाईक म्हणजे मुलगा. शिपाई बिचारा दारातून आत आला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही तक्रार द्या. एवढं सांगा की मुलाने मारलं. पुढचं मी बघतो."

"पलंगाची कड लागली," म्हातारी म्हणाली.

"आजी, कडेला पाच बोटं असतात का?" ताईचा आवाज सगळ्या चाळीला ऐकू गेला असेल.

"माझा मुलगा आहे तो," म्हातारी म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

कात्रीवालीने तोवर बादलीत कोमट पाणी आणलं होतं. ती स्वयंपाकघरात केव्हा गेली आणि पाणी केव्हा तापवलं, आम्हा तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. दार सोडून ताई इकडे भांडत होती.

"पुढे व्हा तुम्ही," कात्रीवाली पाण्यात फडकं पिळत म्हणाली. "मी हिला पुसून, खायला घालून येते. बस पकडून येते."

"वेडी आहेस का? नोकरी आहे तुझी. मुलगी आहे."

"ताई, मी गेले म्हणून तर हिला लागलं."

ताईने तिचा हात धरून ओढला. इतका जोरात की पाणी सांडलं. शिपाई म्हणाला, "बाई, सज्ञान आहेत त्या, जबरदस्ती नाही करता येत." ताईने हात सोडला. आपण काय करत होतो ते तिलाही दिसलं असावं.

कात्रीवाली त्या संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग तिचा फोन आला. आवाज अगदी नीट, शेजारी कोणी उभं असावं तसा. बटणला आणून सोडा, म्हणाली. मॅडमनी समजावून पाहिलं. पण आई नसताना मूल आश्रयगृहात ठेवता येत नाही; त्याला बालगृहात पाठवावं लागतं. हे ऐकल्यावर कात्रीवाली म्हणाली, "मग माझ्याकडेच आणा."

"मी नेणार नाही," ताईने सांगून टाकलं. "मी सामान बाहेर आणते. माणसं आत टाकत नाही." मॅडमनी दुसरी गाडी सांगते म्हटलं. तेव्हा ताई खुंटीवरची किल्ली काढून निघाली. अनोळखी माणसाबरोबर मुलगी भेदरेल, म्हणाली.

बटण आमच्या दोघींच्या मध्ये बसली. मांडीवर दप्तर, दप्तरावर कात्र्यांची पेटी. ती त्या दिवशी गडबडीत आमच्याबरोबर परत आली होती.

"बाबा घरी आहेत?"

"असतील," ताई म्हणाली.

"मग मी आजीच्या खोलीत झोपणार. पलंगाखाली जागा आहे. मी मावते."

 एरवी पुढच्या गाडीवाल्याच्या सात पिढ्या काढणारी ताई, पण त्या दिवशी तिने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

दार नवऱ्याने उघडलं. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. मागे कात्रीवाली उभी होती, ओले हात कपड्यांना पुसत. आमच्याकडे तिने पाहिलं नाही. बटणने वडिलांना पाहून खांदे सरळ केले आणि शाळेत म्हणावं तसं "गुड इव्हिनिंग, बाबा" म्हटलं. त्याने पेटी हातात घेतली, उघडून पाहिली, बंद केली आणि उंच फडताळावर ठेवून दिली.

"तुम्हाला फार त्रास झाला," तो आम्हाला म्हणाला.

गल्ली पुढे बंद होती. टेम्पो वळायला जागा नव्हती, मागेच घ्यावा लागणार होता. ताईने गिअर टाकला तसा तो पायऱ्या उतरून गाडीमागे जाऊन उभा राहिला आणि हाताने खुणा करू लागला.

"या, या... थोडं डावीकडे. सावकाश, ताई. काही घाई नाही."

दुसरा इलाज नव्हता. दोन्ही बाजूंना भिंती होत्या. आरशात त्याच्या हाताकडे बघत, तो म्हणेल तशी ताई गाडी मागे घेत राहिली.