भोंगाताईची बोबडी

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईला सगळे भोंगाताई म्हणायचे. आवाजच तसा खणखणीत. घरी नवऱ्याला हाक मारली की शेजारचाही ‘ओ’ द्यायचा. दिवसभर काचेच्या खोलीत बूड हलवायचं नाही, हाताशी खारे वेफर्स आणि गोड चहावर चहा. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी रोज घ्यायला सांगितली होती. ती डोकं दुखलं तरच घ्यायची. थोरल्या भावाला लकवा झाला, तेव्हाही म्हणाली, तो सिगारेटी फुंकायचा, मला काय होतंय?

एका दुपारी तिने माईक सुरू केला आणि बाहेरच्या कर्ण्यातून भलतंच काहीतरी ऐकू आलं. ना गावाचं नाव, ना फलाटाचा नंबर. बाकावरचे प्रवासी हसले. माईक बिघडला असेल म्हणून ती पुन्हा बोलली. पुन्हा तेच. बटण बंद करायला गेली, तर उजवा हात मांडीवरून उठेना, जणू दुसऱ्याच कुणाचा. एरवी माणसाची बोबडी भीतीने वळते. हिची बोबडी आधी वळली, भीती मागून आली. भावाचं लाळ गळणारं तोंड डोळ्यांपुढे आलं. माईक चालूच होता. तिची धाप सगळ्या स्थानकाला ऐकू जात होती.

वाहतूक नियंत्रक दटावायलाच आत आला होता. तिचं एका बाजूला ओघळलेलं तोंड पाहून त्याने आधी माईक बंद केला. ती डाव्या हाताने खुणावत होती, घरी जाऊन जरा पडते.

“घरी नाही ताई. आधी दवाखाना,” तो म्हणाला, आणि बाकावरच्या दोघांच्या मदतीने त्याने तिला उचलून गाडीत घातलं.

वेळेत पोचल्यामुळे मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं. हात लवकर हलू लागला, बोलणं मात्र सावकाश परतलं. शेजारच्या खाटेवर तिच्या मुलीच्या वयाची बाई याच दुखण्याने पडलेली होती. डॉक्टरीणबाई भोंगाताईच्या नवऱ्याला सांगत होत्या की हल्ली असे पेशंट फार वाढलेत, तरुणही असतात. बैठं काम, मीठ, अंगावर काढलेला रक्तदाब. झटका पुन्हाही येऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं. तेवढंच तिच्या डोक्यात रुतून बसलं.

आता गोळी चुकत नाही, खारट बंद आहे, नवऱ्याबरोबर रोजचं चालणंही आहे. तरी सकाळी जाग आली की ती डोळे मिटूनच पडून राहते. पहिला शब्द तोंडातून काढायचा धीर होत नाही. मग कधीतरी हळूच म्हणते, “अहो.”

“नीट आलं,” तो म्हणतो. तो केव्हाचा जागाच असतो.