मुतखड्याचं कढण

माझ्या मित्राला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला आणि त्याने घरी सांगितलं, मुतखडा. खरं फक्त मला ठाऊक. "बायकोला कळलं तर मी उपचाराला मुंबईच्या लाँचवर पाय ठेवायचा न्हाय," असा दमही त्याने मलाच दिला. आता आजार याचा, बायको याची, आणि झोप उडाली माझी. ट्रकचा धंदा करणारा, साठीला टेकलेला दांडगा गडी; एवढा कशाला घाबरतो हे मला कळेना. गाठ दबावी म्हणून पुरुषी हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं होती, त्यांनी त्याला दरदरून घाम फुटायचा. "अर्धी बाई झालोय रं," एकदा म्हणाला. मला हसावं की काय करावं सुचेना.

गाठीला मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला आम्ही रोज मांडव्याहून लाँचने मुंबईला जायचो. इस्पितळात पोट साफ लागे, वर पाणी पिऊन लघवी दाबून धरायची, मग मशीनवर घ्यायचे. एवढं करून गडी आत गेला की लगेच बाहेर. "पोटात गॅस आहे, आज शेक नाही," तिथल्या बाई वैतागायच्या. "खाता काय तुम्ही?"

खात नव्हता, पीत होता. मुतखडा म्हटल्यावर आमच्याकडे कुळथाचं कढण आलंच. वहिनी सकाळी समोर बसून तांब्याभर पाजायच्या, वर लाँचसाठी बाटली भरून द्यायच्या. पोट फुगायचं, शेक हुकायचा.

"नको म्हण की तिला."

"मंग काय सांगू? खडा पडला? मंग मुंबईला कशाला जाता म्हनंल."



शेवटी तो घरी नाही असं बघून मी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. "ते कढण जरा..." म्हणालो आणि अडकलो.

"भावजी," त्या मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांना भर थंडीत घाम फुटतो, मंग उगाच रडायला येतं. माझी पाळी जाताना मला असंच व्हायचं. मुतखड्यानं व्हतं काय असं?"

मी सुपातला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"मोठं दुखणं हाय ना?"

मी होकाराची मान हलवली.

"तरी कढण देता?" मी विचारलं.

"ह्यांनी खडा सांगितला, मी खड्याचं औषध दिलं. दुसरं काय करनार?" मग कढणाने शेक हुकतो हे मी सांगितलं, तसा त्यांचा हात सुपातच थांबला. डोळे पुसून म्हणाल्या, "मला कळलंय ते ह्यांना सांगू नका. जायचे बंद होतील."

आता मी दोघांचाही खोटारडा. रडू येत होतं आणि रागही. नेमका कुणाचा, ते ठरेना.

दुसऱ्या दिवशी लाँचवर त्याने बाटली उघडली. आत कुळथाचा दाणा नाही, जिऱ्याचं नुसतं उकळलेलं पाणी. एक घोट घेऊन त्याने बाटली उजेडात धरून पाहिली. मी बुटाची नाडी सोडून परत बांधली.

"आजचं कढण चांगलं हाय," तो म्हणाला. "तिला सांग, रोज असंच कर."