दोन वीत आणि चार बोटं

मागच्या हिवाळ्यात आमच्या अंगणात चाकांवरचं एक घर तयार होत होतं. घर म्हणजे लोखंडी सांगाड्यावर पत्र्याचा डबाच. दोन माणसं आडवी होतील एवढा, गाडीच्या मागे जोडून न्यायचा. आमचं वेल्डिंगचं दुकान शहाद्याहून निघणाऱ्या रस्त्यावर आहे आणि आम्ही दुकानाच्या मागेच राहतो. आमचे हे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या करतात. मी लोखंड धरते, घासते, लाल रंगाचा पहिला हात मारते. पाच-सहा वर्षांपासून वेल्डिंगही करते. पण गिऱ्हाईक आलं की हातातलं ठेवून आत जाते. लग्न होऊन आले तेव्हापासून असंच आहे. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

सांगाडा उभा राहिला त्या दिवशी चहा पिता पिता हे म्हणाले, "हाई आपलं शे."

"काय आपलं?"

"हाई घर. पोरगीनं लगीन उरकनं, आते आपण दोन्हीच. जीपले जोडसूत आनि तोरणमाय जासूत. रोज गच्चीवर जाईसन डोंगर देखस ना तू?"

आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो. थंडीत सकाळी निळा, उन्हाळ्यात नुसता धुरासारखा. मी मिरच्या पसरायला जाते, कपडे काढायला जाते आणि थोडा वेळ उभी राहते. बावीस वर्षं तो डोंगर बघते आहे, आत कधी गेले नाही. तोरणमाळला तळं आहे, तिथे उन्हाळ्यातही पांघरूण लागतं, असं ऐकलेलं. जायला मिळणार याचा आनंद झालाच. पण मी उभी राहते हे यांनी कधीतरी पाहिलं होतं, याचा त्याहून जास्त झाला. मी कप उचलून आत गेले आणि उगाच चुलीजवळचं आवरत बसले.

डब्यात दोन्हीकडे झोपायच्या फळ्या टाकल्यावर मधे पाय ठेवायलाच जागा उरली. सैपाक कुठे करायचा? हे म्हणाले, खाली दगड मांडून करू. मी म्हटलं, टेबल करू, आत असलेलं पण बाहेर फिरणारं.

"ते कसं?"

"फाटकसारखं. फाटक आडवं करीसन लावानं."

हे हसले, पण नाही म्हणाले नाहीत. फाटक कसं फिरतं ते या घरात मांजरालाही माहीत आहे. जाड पाईपात बारीक पाईप, मधे ग्रीस. मी डब्याच्या मागच्या दाराशी जाड पाईपाचा खांब बसवला, त्यात बारीक पाईप सोडला, आणि त्याला आडवा हात जोडून हातावर प्लायची फळी लावली. कुणाच्या तरी दाराची उरलेली फळी होती ती. टेबल आत असलं की फळ्यांच्या मधे राहायचं, ढकललं की दारातून बाहेर येऊन अंगणावर थांबायचं.

पहिल्यांदा ते झुकलं. पाण्याचा पेला ठेवला तो घसरत जाऊन खाली पडला. लांब फाटकाचंही असंच होतं, टोक खाली येतं. त्याला तिरका टेका देतात तसा मी दिला. मग दुसरी अडचण. टेबल एका जागी थांबेना, वारा आला तरी फिरायचं. दोन दिवस मी त्याच्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी दुकानाचं दार लावताना कडी उचलून खाली टाकली आणि सुचलं. जाड पाईपाच्या तोंडाला करवतीने दोन खाचा पाडल्या, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. बारीक पाईपाला एक खुंटी जोडली. टेबल बोटभर उचलायचं, फिरवायचं, की खुंटी दुसऱ्या खाचेत पडते आणि टेबल गच्च बसतं. न उचलता ओढलं तर जागचं हलत नाही. खाचा मी कानशीने दोन दिवस घासल्या. हाताला फोड आले. पण खुंटी आत पडताना जो आवाज यायचा तो ऐकायला मी उगाच टेबल आत-बाहेर करायचे.

उंची मी माझ्या अंगाने धरली. भाकरी मी बसूनच थापते. उभं राहून थापलेली भाकरी माझ्या हातून गोल होत नाही. दोन ठेंगणी स्टुलं केली, एकावर बसले, समोर परात धरली, कोपर मोकळं राहील असं बघितलं. जमिनीपासून दोन वीत आणि चार बोटं. टेपने मोजलंच नाही.

मी कुणाला काही सांगणारी नाही, पण हे सांगितलं. मोठ्या जाऊबाई शेजारीच राहतात. त्या भिंतीवरून रोज बघत होत्या. एक दिवस विचारलं तसं माझ्या तोंडून निघून गेलं की आम्ही दोघं तोरणमाळला जाणार.

"व माय!" त्या म्हणाल्या. "आते तू मडमसारखी हिंडशी! आम्हले बी लई चाल, मांगे लटकीसन येसूत."

मी हसले. त्या दिवशी मला त्यांचं बोलणं लागलं नाही. मी कापडी पिशवी भरायला घेतली. ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, लाल मिरचीची चटणी, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, एक तवा, काडेपेटी. डब्यात एक हूक लावला होता, त्याला पिशवी अडकवून ठेवली.

होळीच्या थोडं आधीची गोष्ट. मी टेबलाच्या कडेला पातळ पट्टी बसवत होते, पेले पडू नयेत म्हणून. हे फोनवर बोलत अंगणात आले, फोन ठेवला आणि म्हणाले, "टेबल फूटभर वर ले."

"काबर? माले बराबर शे."

"त्या लोके उभा ऱ्हाईसन सयपाक करतस."

"कोनता लोके?"

हे फोनकडे बघू लागले. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तो बंद होता.

नंदुरबारचं एक जोडपं, दोघंही नोकरीवाले. त्यांनीच डबा करायला सांगितला होता. तेही सांगाडा उभा राहिल्यावर नाही, त्याच्याही आधी, लोखंड आणायच्या आधी. म्हणजे चहा पिताना जे बोलणं झालं तेव्हा हे घर कुणाचं आहे ते यांना माहीत होतं.

"मंग माले आपलं काबर सांगं?"

"अव, त्यात काय? आपलं समजीसन करं म्हनीसन कितलं झकास व्हयनं, देख ना! आधीच सांगं ऱ्हातं ते तू इतला जीव लावती का?"

हे खूश होऊन बोलत होते. मला फसवलं असं त्यांना वाटतच नव्हतं, एक चांगली युक्ती केली असं वाटत होतं. मला बोलायचं होतं ते एवढंच, की मी कधी कमी जीव लावला? बावीस वर्षं लोकांचीच फाटकं घासते आहे. इथपासून नंदुरबारपर्यंत माझा हात फिरलेली फाटकं लोकांच्या दारात उभी आहेत. त्यातलं एकही माझं नव्हतं, आणि एकाचीही कड मी कुणाच्या बोटाला लागेल अशी सोडली नाही. हे माझ्या शेजारी बसून रोज जेवतात आणि त्यांना एवढंही माहीत नव्हतं. डोंगराकडे बघते ते मात्र माहीत होतं. ते त्यांनी जपून ठेवलं आणि कामाला वापरलं.

मी टेबल वर घेतलं. खांब कापून काढला, नवा लांब पाईप लावला, खाचा पुन्हा पाडल्या. जोड दिसू नये म्हणून दोनदा घासलं. आधीपेक्षा थोडं चांगलंच झालं.

ते जोडपं डबा घ्यायला आलं त्या सकाळी यांनी हुकाची पिशवी काढून ओट्यावर ठेवली. हळूच ठेवली, तवा वाजू नये अशी. मी दाराआड होते, मला दिसलं.

बाई उंच होत्या, डोळ्यांवर चष्मा, बोलायला गोड. सगळं फिरून बघितलं. मग हे टेबल दाखवायला गेले. हाताने ओढलं, हललं नाही. पुन्हा ओढलं. हसून म्हणाले, "नवीन आहे ना, थोडं कडक आहे." गिऱ्हाइकाशी हे शाळेची मराठी बोलतात. मग दोन्ही हातांनी ओढू लागले. चार महिन्यांत यांनी ते टेबल एकदाही स्वतः फिरवलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मी आतच राहू शकले असते. ओढून ओढून खुंटी वाकली असती, त्या लोकांनी डबा घेतला नसता, यांची मान खाली गेली असती. हे सगळं माझ्या मनात आलं, आलं नाही असं म्हणणार नाही. पण हे ओढत होते आणि लोखंड करकरत होतं. ते मला ऐकवेना. मी पदर घट्ट करून बाहेर आले, टेबल बोटभर उचललं आणि फिरवलं. खुंटी खाली पडली.

"आधी उचला, मग फिरवा," मी म्हटलं. माझा आवाज फार बारीक निघाला.

"अरे वा!" बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः दोन-तीनदा करून बघितलं, तो आवाज ऐकून हसल्या. "वहिनी, हे कुणी सुचवलं?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "डोकं माझं, हात तिचा."

"आणि तुम्ही दोघं कधी जाता की नाही असं कुठे?"

"जाणार ना! पुढचं आमच्यासाठीच करतोय. हिला तोरणमाळ बघायचंय."

अगदी तेच बोलणं, तोच आवाज, चहाच्या वेळचा. माझ्याकडे न बघता, गिऱ्हाइकाला फाटकाचा रंग सांगावा तसे.

"आम्ही पहिल्यांदा तोरणमाळलाच जाणार आहोत," बाई म्हणाल्या. "तिकडून फोटो पाठवते तुम्हाला."

त्यांनी पाठवला. यांनी मला फोन आणून दाखवला. तळं होतं, आणि माझं टेबल बाहेर फिरवलेलं, त्यावर दोन कप. मी फोन परत दिला.

जाऊबाईंना मी टाळत होते, पण भिंत एकच आहे. एक दिवस त्यांनी गाठलंच. "काय व, तोरणमाय जाई उनी का? गाडी ते गई, तू आठेच!" मी म्हटलं, पुढच्या खेपेला. म्हणजे मीही तेच शब्द उचलले, आणि मला लाज वाटली.

पिशवीतल्या पिठात सोनकिडे झाले. चाळून गायीला घातलं. तवा घरात परत आला. कापलेला आखूड खांब दुकानाच्या कोपऱ्यात पडून आहे. भंगारवाला आला की खांब दिसू नये म्हणून मी त्याच्यापुढे झाडू ठेवते.

पावसाळ्यानंतर अंगणात दुसरा सांगाडा उभा राहिला. आधीचं घर बघून कुणी सांगितला असेल. हे सकाळी चहाला बसले आणि म्हणाले, "हाई मातर आपलंच. आते शपथ."

"टेबल कितलं उंच ठेवू?"

"तुन्ही उंची ले ना, अजून कोनी?"

यावेळी खरंही असेल. मला ठरवता येत नाही, आणि वाईट तेच झालं आहे. पूर्वी यांनी काही म्हटलं की ते खरं की खोटं असं ठरवावं लागत नव्हतं.

मी स्टूल आणलं नाही, परात धरली नाही. खिळ्याला अडकवलेला टेप काढला, एक टोक जमिनीला धरलं आणि बत्तीस इंचांवर, उभं राहून सैपाक करणाऱ्यांच्या उंचीला, खडूने खूण केली. हे कप हातात धरून बघत होते.

"इतलं वर? तुले कसं पुरी?"

मी टेप गुंडाळून पुन्हा खिळ्याला लावला आणि करवत घेतली.