तीन रंगांचा उंट

आमच्या बालवाडीच्या उंटाचं डोकं निळं होतं, कुबड केशरी आणि पाय हिरवे. त्या उंटापायी माझी नोकरी राहते की जाते अशी वेळ आली होती. हे मी नातवंडांना सांगते तेव्हा ती विचारतात, "आजी, तू तेव्हा वेडी होतीस का गं?" वेडी नव्हते. तेवीस वर्षांची होते आणि बालवाडीची बाई होते. दोन्ही एकदम असणं बरं नसतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही भोसरीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे जवळच्या कारखान्यात टर्नर. तिथल्या महिला मंडळानं एका पत्र्याच्या खोलीत बालवाडी काढली होती आणि मला तिथं बाई म्हणून घेतलं होतं. मी मॅट्रिक होते आणि माझा आवाज मोठा होता. दुसरी काही लायकी असल्याचं आठवत नाही. पण डोक्यावर पदर, मनगटात घड्याळ आणि हातात पट्टी घेऊन मी अशी काही चालायची की रस्त्यानं जाणाऱ्या बाया बाजूला व्हायच्या.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई एका मोठ्या साहेबांच्या पत्नी होत्या. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "जूनपासून ट्रेनिंग झालेल्या बाई आणाव्यात असं मंडळात चाललंय. अजून ठरलेलं नाही. मी तुमचं काम बघणार आहे." मी "हो ताई" म्हटलं आणि घरी येऊन भाजी करपवली.

त्याच दिवसांत टीव्हीवर लहान मुलांचा एक कार्यक्रम लागायचा, दर सोमवारी संध्याकाळी. एक हसरी तरुण मुलगी आणि कापडाचा एक बोलका उंट. ती प्रश्न विचारायची आणि मुलांनी घरी बसून उत्तर द्यावं म्हणून थांबायची. मग उंट म्हणायचा, "ऐकू आलं बरं का." आमच्या गल्लीत टीव्ही एकच, गॅरेजवाल्या चाचांच्या घरी. सोमवारी माझी बालवाडी सगळीच्या सगळी तिथं जमिनीवर बसलेली असायची आणि उत्तरं अशी ओरडायची की चाची कानात बोटं घालून भाकऱ्या थापायच्या. बोटं कानात आणि भाकऱ्या थापायच्या हे कसं, असं नातू विचारतो. आलटून पालटून, बाबा.

टीव्ही अर्थातच काळा-पांढरा. पण चाचांनी काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद लावला होता. तेव्हा तसा मिळायचा, वरचा पट्टा निळा, मधला केशरी, खालचा हिरवा. वर आभाळ, मध्ये माणसं, खाली गवत असा बनवणाऱ्याचा हिशोब असणार. बातम्या सांगणाऱ्याचं कपाळ निळं आणि टाय हिरवा दिसायचा. पहिले काही दिवस सगळे हसले. मग कागद आहे हेच आम्ही विसरून गेलो. मीही विसरले, हे कबूल केलेलं बरं.

पोरं मात्र विसरली नव्हती, ती बघत होती. भोसरीच्याच जुन्या घरातली एक मुलगी होती, नाक कायम वाहतं आणि नजर कायम तिखट. तिनं एक दिवस वर्गात विचारलं, "बाई, त्यो उंट खाली बसला की त्याचं डोकं केशरी का व्हतं?"

आता इथं सांगायचं होतं की, अगं, कागदामुळं. पण माझ्या ते तेव्हा लक्षातच आलं नाही. आणि माहीत नाही म्हणणं माझ्यानं होणार नव्हतं. मी पट्टी हातात घोळवली आणि म्हणाले, "खाली बसला की त्याला लाज वाटते. लाजलं की रंग बदलतो."

"मंग पाय का न्हाई बदलत?"

"पायाला कुठं लाज असते?"

हे उत्तर मी घरी आमच्या ह्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. ते शिफ्टवरून आले होते, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "बोलायचं आणि वर रंगही बदलायचा, उंटाला ओव्हरटाइम पडतोय म्हणजे."

मार्च लागला आणि बातमी आली की त्या कार्यक्रमावर सिनेमा निघालाय. गाण्यांचा आणि रंगीत. चिंचवडच्या एका थिएटरात रविवारी सकाळचा खास खेळ लागणार होता, आणि मॅनेजर बालवाड्यांच्या मुलांना पडद्यापुढं एक गाणं म्हणू देणार होता. मला तर आभाळच ठेंगणं झालं. ताईंसमोर काम दाखवायची याहून चांगली संधी कुठली मिळणार होती? मी लगेच ताईंकडं जाऊन कंपनीची बस मागितली आणि मंडळाच्या सगळ्या बायकांना येण्याचा आग्रह केला.

बत्तीस मुलांतले आठ उंट निवडले. पुठ्ठ्याचे निळे मुखवटे, पाठीवर केशरी कापडाच्या उशा, पायांना हिरव्या कागदाच्या पट्ट्या. मुलांच्या आया दुपारी येऊन शिवत बसायच्या. एकीनं शंका काढली, "बाई, उंट मातकट असतो ना? आमच्याकडं बीडला मेंढरावाल्यांबरोबर यायचा." मी म्हणाले, "तो बीडचा उंट. हा टीव्हीवरचा."

ताई एक दिवस बघायला आल्या. त्यांच्या बंगल्यावर स्वतःचा टीव्ही होता आणि त्यावर कागदबिगद काही नव्हता. त्यांनी एक मुखवटा हातात घेऊन उलटसुलट केला.

"हा असा आहे? आमच्याकडं तर करडा दिसतो."

"काळ्या-पांढऱ्यात सगळंच करडं दिसतं, ताई."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

बारा बाया सुया थांबवून माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "माझी मावसबहीण मुंबईला टीव्ही केंद्रात जाऊन आलीय. तिनं हात लावून पाहिलाय उंटाला."

मला मावसबहीण नाही. मावशीला एकच मुलगा, आणि तो तेव्हा जुन्नरला गुळाचं दुकान चालवत होता.

ताई फक्त "असं का" म्हणाल्या आणि मुखवटा खाली ठेवून गेल्या.

रविवारी आम्ही बसनं चिंचवडला पोचलो. पिंपरीची एक बालवाडी आधीच आली होती, त्यांचे उंट मातकट, गोणपाटाचे. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. आमचे उंट पडद्यापुढं गेले, गायले, एक रडला, एकाची उशी सुटली, पण टाळ्या चांगल्या पडल्या. मी ताईंच्या शेजारची जागा धरली होती. दिवे गेले, आणि माझ्या मनात जूनचा वर्गसुद्धा सजवून झाला.

सिनेमात बोलणं थोडं आणि गाणीच गाणी. ती मुलगी आली, पोरांनी हाका मारल्या. तिनं प्रश्न विचारला, पण थिएटरात ती काही थांबेना, पोरं ओरडायच्या आत पुढं निघून जायची. त्यामुळं पोरं आधीच बिथरलेली. मग ढोलकी वाजली आणि बागेतल्या कमानीतून उंट आला.

गुलाबी होता. बर्फाच्या गोळ्यावर पाक ओततात तसा, नखशिखान्त गुलाबी. मानेवर पिवळ्या गोंड्यांची माळ.

आमच्या रांगेतल्या आठ उंटांनी मुखवटे वर करून एकमेकांकडं पाहिलं. मग ती तिखट नजरेची मुलगी खुर्चीवर उभी राहिली आणि सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, ह्यांनी दुसराच उंट आणलाय."

झालं. "आपला न्हाई, आपला न्हाई," असं एकानं सुरू केलं आणि बत्तीस जणांनी धरलं. पिंपरीची पोरं हसायला लागली. त्यांचाही उंट चुकलाच होता, पण आमच्याइतका नाही. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागं वळून मला विचारलं, "अहो, ह्यांना आवरता का जरा?" मी आवरत होते. एक उंट पाठीची उशी काढून तिच्यावर बसला आणि तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिला.

ताई पडद्यावरची नजर न काढता माझ्याकडं झुकल्या. "तुमच्या मावसबहिणीला रंग ओळखता येतात ना?"

"येतात," मी म्हणाले. म्हणजे तिथंही मी तिला सोडलं नाही.

मध्यंतरात पोरं पाण्याच्या नळापाशी रांगेत होती. मी पदराशी चाळा करत ताईंजवळ गेले. "ताई, मला मावसबहीण नाहीये."

"ते मला त्याच दिवशी कळलं. टीव्ही केंद्रात जाऊन आलेली बहीण असती तर तुम्ही ते आम्हाला आधी दहा वेळा सांगितलं असतं." त्यांनी पाकिटातून रुमाल काढून माझ्या हातात दिला, कारण माझं नाक आता त्या मुलीसारखंच वाहत होतं. "माझं जाऊ द्या. मुलांना काय सांगणार आहात? उद्या सकाळी मी येते."

घरी आमच्या ह्यांनी तोड काढली. "सिनेमातला त्याचा चुलतभाऊ आहे म्हणून सांग. मिटलं." मला ते फार पटलं. रात्री मी चुलतभावाची सगळी गोष्टच रचली, त्याचं गाव, त्याची आई, तो गुलाबी का.

सोमवारी ताई येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. मी तोंड उघडायच्या आत त्या मुलीनंच विचारलं, "बाई, त्यो गुलाबी त्याचा भाऊ आसंल ना?"

आयती वाट होती. नुसतं "हो" म्हणायचं होतं, बाकी सगळं तयार होतं. तिनं माझ्यासाठीच ती काढली होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. बाई खोट्या पडू नयेत म्हणून ते पोर रात्रभर विचार करून आलं होतं. ते बघून माझ्यानं पुढं खोटं बोलवेना.

"नाही गं," मी म्हणाले. "उंट तोच आहे. रंग मला माहीत नव्हता. मी मनानंच सांगितला."

"आन् लाजतो ते?"

"ते पण मनानंच."

तिनं बाहीला नाक पुसलं. मग शेजारणीला म्हणाली, "बाईला म्हाईत नव्हतं." रागानं नाही. बाहेर वारा सुटलाय असं सांगावं तसं.

घोटाळा कागदाचा होता हे एव्हाना कुठं माझ्या डोक्यात शिरलं होतं, म्हणून संध्याकाळी चाचींच्या परवानगीनं मी टीव्हीवरचा कागद सोडवला. "निकालो, लेकिन तुम्हारे चाचांनी विचारलं तर बाईनं काढला म्हणून सांगणार," त्या म्हणाल्या. उंट आला. करडा. पोरांनी कागद हातात घेऊन डोळ्यांपुढं धरला, काढला, पुन्हा धरला, आणि त्या सोमवारी कार्यक्रम कुणी पाहिलाच नाही. सगळे एकमेकांची निळी डोकी बघत बसले.

मे महिन्यात मंडळाची बैठक झाली. ताई स्वतः घरी सांगायला आल्या. जूनपासून पुण्याच्या ट्रेनिंग झालेल्या बाई येणार, मला मदतनीस म्हणून ठेवणार. मी म्हटलं, "मी खोटं बोलले म्हणून ना?"

"नाही. ट्रेनिंग नाही म्हणून. खोटं बोलला नसतात तरी हेच ठरलं असतं."

"आणि नंतर खरं सांगितलं ते?"

"त्यामुळं मदतनीस ठेवतोय."

मी चार दिवस जेवले नाही, असं मी आजवर सांगत आले आहे. दीड दिवस असेल.

नव्या बाई आल्या, माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान. मला त्यांच्यात खोट काढायचीच होती. पहिल्या आठवड्यात आमच्या त्या मुलीनं त्यांची परीक्षा घेतलीच. खिडकीवर पाल होती. तिनं विचारलं, "बाई, पाल रातच्याला झोपती का?"

मी सतरंज्या झटकत होते, हातातली तशीच धरून थांबले. आता ह्या कशा खोट्या पडतात बघू या.

"माहीत नाही," नव्या बाई म्हणाल्या, अगदी सहज. "आपण बघू या, मग सांगते."

मला इतका राग आला. माझं एवढं हसं झालं तेव्हा कुठं हे तोंडातून निघालं होतं, आणि ह्या बाईला ते फुकटात येत होतं. दुपारी मुलं गेल्यावर मी विचारलंच, "हे असं बोलायला ट्रेनिंगमध्ये शिकवतात का हो?"

"कसं?"

"काही नाही," मी म्हणाले. "त्या ट्रेनिंगचा फॉर्म कुठं मिळतो, ते सांगा."