गुडघ्यांच्या तारखेआधीचं वादळ

वादळाची बातमी आली की बाकीचे लोक बेत रद्द करतात. आमच्या शेजारच्या बर्फकाकू पिशवी भरायला घेत. कॅलिफोर्नियातल्या टाहोच्या डोंगरांवर मोठं हिमवादळ येणार अशी कुणकुण लागली की फ्रीमाँटला आमच्या घरी पहिला फोन त्यांचा. हॅलो नाही, काही नाही, एकदम, "येऊन राहिलं बरं का!" आवाज असा, की माहेरचं माणूस येतंय असं वाटावं.

काकू मूळच्या नागपूरच्या. "मी चाळीस वर्षं भाजून निघाले, आता मला गार होऊ द्या," असं त्या म्हणत. स्की करायला शिकल्या सेहेचाळिसाव्या वर्षी, सहा-सात वर्षांच्या पोरांच्या वर्गात. काका गाडीत हीटर लावून बसले होते आणि काकू दुपारभर पडत होत्या. "पडणं म्हणजे अर्धं उतरणंच," हा त्यांचा त्या दिवसाचा निष्कर्ष. पुढे काका वारले. एक हिवाळा काकू घराबाहेर पडल्या नाहीत. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा स्की काढल्या आणि सोबतीला शेजारच्या आम्हाला धरलं: मला, माझ्या नवऱ्याला म्हणजे नितीनला, आणि आमच्या मुलीला, ईशाला.

हवामानाचे अंदाज त्या तीन ठिकाणी बघत. एक आशावादी, एक घाबरट आणि एक सरकारी. "विश्वास सरकारीवर ठेवायचा, जीव आशावादीवर," असं त्यांचं धोरण. घाबरट अंदाज फक्त नितीनला चिडवायला असे, कारण तो नेमका तोच वाचून दाखवायचा. "नितीन, तुझा जुळा भाऊ काय म्हणून राहिला आज?" असं विचारून त्या हसत.

त्यांचा एक नियम मात्र मला पहिल्यापासून पटला: वादळाच्या आधी वर पोचायचं. बर्फ पडून गेल्यावर निघणारे घाटात चाकं घसरू नयेत म्हणून त्यांना साखळ्या बांधत बसतात. काही वेळा रस्ताच बंद होतो. आधी पोचलेले वरच्या भाड्याच्या केबिनमध्ये चहा पीत थांबतात आणि उतारावर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट सुरू झाली की पहिल्या रांगेत असतात. सामानाची यादी माझ्याकडे असे. काकूंकडे फक्त खाण्याचं खातं. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आणि जॅकेटच्या आतल्या खिशात फॉइलमध्ये गुंडाळलेली पुरणपोळी. "अंगाच्या उबेनं मऊ राहते," म्हणत. लिफ्टच्या खुर्चीवर झुलत, खाली पाइनची झाडं जात असताना, त्यांनी आम्हाला तिचे तुकडे भरवले आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला तो नेहमीसारखाच, पण शेवटी थोडं थांबून म्हणाल्या, "हे एक मिळालं पाहिजे गं." मला कारण माहीत होतं. दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख मार्चमधली होती. स्कीचं विसरा, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. पायावर उभ्या राहिल्या की त्या कायमच्या नागपूरला, बहिणीकडे जाणार होत्या. म्हणजे त्या हिवाळ्यातलं ते वादळ त्यांचं शेवटचं. मी ऑफिसमधून दोन दिवस सुट्टी घेतली आणि यादी केली. परत निघायचं रविवारी सकाळी दहाला. सोमवारी माझी मोठी मीटिंग होती.

गुरुवारी दुपारी निघून आम्ही संध्याकाळी वर पोचलो. शुक्रवारी बर्फ सुरू झाला तो थांबेना. लिफ्ट बंद. शनिवारी वारा, लिफ्ट बंद, वीजही गेली. दुपारी दार उघडलं तर समोर छातीइतकी भिंत आणि गाडीच्या जागी एक टेकाड. मी यादी काढली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: फावडं, गाडीत. पुढे बरोबरची खूण.

"आई, द शव्हल इज इन द कार," ईशा म्हणाली. "द कार इज अंडर द स्नो."

"दिसतंय मला."

काकू हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या. "यादी बरोबर होती गं, जागा चुकली!" मग त्यांनीच स्वयंपाकघरातून केकचा ट्रे, सुपली आणि मोठं पातेलं आणून आमच्या हातात दिलं. तासाभरानं आम्हाला गाडीचा आरसा सापडला, आणि नितीननं तो खजिना सापडल्यासारखा पुसला.

रविवारी पहाटे बर्फ थांबला. रस्ता काही तासांपुरता उघडल्याचं कळलं. संध्याकाळी वादळाचा दुसरा भाग येणार होता. लिफ्टचा मात्र पत्ता नव्हता. मी उठले तेव्हा काकू जांभळं जॅकेट घालून, बूट आवळून खिडकीशी बसल्या होत्या. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. नितीननं बॅगा दाराशी आणल्या. काकू वाकून बुटाचं बक्कल सोडायला लागल्या.

"काकू, काय करताय?"

"काय करून राहिली म्हणजे? दहाला निघायचं ना? तुझी मीटिंग आहे. चल, काढ तो बूट, वाकवत नाही मला."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सुटलेलं बक्कल पुन्हा लावलं. "मीटिंग कॅन्सल केली," म्हटलं. तोवर केली नव्हती; नंतर केली. नितीननं माझ्याकडे पाहिलं आणि बॅगा परत आत नेल्या.

तेवढ्यात डोंगरावर धडाम असा आवाज झाला. मग आणखी एक. तिथले कर्मचारी साचलेला धोक्याचा बर्फ स्फोट करून पाडत होते. म्हणजे उतार उघडायची तयारी. काकू ताडकन उठल्या, गुडघ्यांची आठवण होऊन "आई गं" म्हणाल्या आणि तशाच दाराकडे निघाल्या.

बाराला एकच लिफ्ट सुरू झाली. नितीन आणि ईशा दुसऱ्या वाटेनं गेले; मी काकूंबरोबर. वर कडेचा एक रुंद उतार अजून कोरा होता. काकू जपून निम्म्यावर आल्या आणि बर्फात चक्क बसल्या.

"दुखतंय?"

"ते तर सकाळपासून दुखून राहिलं. थांब, उरलेलं बघू दे."

खाली पाइनच्या रांगेपर्यंत कुणाच्या स्कीची एकही रेघ नव्हती. मागून ढग भरून येत होते. मी निघूया म्हटलं, तर हातातली काठी आडवी धरून म्हणाल्या, "तू हो पुढे. पण झाडांच्या कडेनं जा बरं. मधलं माझं आहे."

मी कडेनं उतरले आणि खालून वर पाहत उभी राहिले. जांभळा ठिपका उठला, निघाला, धपकन पडला, पुन्हा उठला. मग सगळा उतार या टोकापासून त्या टोकापर्यंत वापरत, कुठलीही घाई न करता, खाली आला. चेहराभर बर्फ, दात तेवढे दिसत होते.

मी फोटोसाठी फोन त्यांच्यासमोर धरला तर त्यांनी माझा हात धरून डोंगराकडे वळवला. वर त्यांची एकच वाकडीतिकडी रेघ होती, मधे पडल्याच्या खड्ड्यासकट. नवा बर्फ भुरभुरायला लागला होता.

"माझा काय काढून राहिली? तिचा काढ," काकू म्हणाल्या. "लवकर गं, भरून राहिली ती."