अण्णांच्या कॉम्प्युटरची अमावास्या

सकाळी मिरजगावात दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं, तोच भाच्याचा, संदीपचा फोन आला. "आत्या, अण्णा गेले..." अण्णा माझे थोरले भाऊ, संदीपचे वडील. केडगावला त्यांच्या घरी पोचले तरी मी रडले नाही. रडले ती दहाव्यानंतर, आणि तीही दुःखानं नाही, संतापानं. तो संताप अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

अण्णा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. निवृत्तीनंतर गळ्यात कॅमेरा अडकवून जनावरांच्या दर बाजाराला घोडेगाव गाठायचे. कुणी बैल नाहीतर गाय विकायला आणली असेल, तर सौदा व्हायच्या आत मालकाचा आणि जनावराचा सोबत फोटो काढायचे. कशासाठी, तर हौस! घरी येऊन ते फोटो गावांच्या नावानं कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे. मोबाईल आता सगळ्यांकडे आहेत, पण ते फुटतात, हरवतात, बदलले जातात. अण्णांकडे फोटो असणार, ही लोकांना खात्री होती. आठवण अनावर झाली की माणसं केडगावला यायची, चहा प्यायची आणि आपलं जनावर बघून जायची.

कॉम्प्युटर मात्र जुनापुराणा. संदीप कावायचा, "अण्णा, भंगारात घाला त्याला." त्यावर अण्णांचं ठरलेलं उत्तर, "बैल धापा टाकाया लागला की आधी त्याच्यावरचं वझं बघावं. लगीच बाजार दाखवू न्हाई." आणि ते ओझं ते खरंच उतरवायचे, दर अमावास्येला. आमच्याकडे अमावास्येला बैल जुंपत नाहीत. अण्णांनी तोच नियम कॉम्प्युटरला लावला होता. त्या दिवशी दुसरं काम बंद. नको ते प्रोग्रॅम काढायचे, साचलेल्या तात्पुरत्या फायली पुसायच्या, मशीन चालू होताच न बोलावता उठून बसणारी सॉफ्टवेअर थांबवायची, अपडेट आणि व्हायरसची तपासणी उरकायची, शेवटी रीस्टार्ट. मी हसले तर म्हणाले, "हसतीस काय? बघ आता कसा चालतोय." आणि चालायचा हो, चांगला चालायचा! एकच चूक ते करत राहिले. फोटोंची दुसरी प्रत त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये टाकून निर्धास्त व्हायचे. दोन्ही बैल एकाच गोठ्यात... आग लागली तर दोन्ही जाणार, हे जनावरांत आयुष्य काढलेल्या माणसाला कसं सुचलं नाही, देव जाणे.

दहावा झाला आणि संदीपनं कौतुकानं मला त्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. "दुकानातून पार फॉरमॅट करून आणला, आत्या. पोरीच्या अभ्यासाला झाला. बघ कसा पळतोय!" मी विचारलं, "आणि फोटो?" तो म्हणाला, "दुकानवाल्यानं इचारलं हुतं, डेटा ठिवायचा का. म्हनलं, नुस्ते बैलांचे फोटो हायेत, उडवा सगळं."

नुस्ते बैलांचे फोटो! बाप महिन्यामागून महिने एकेक फाईल निवडून पुसत होता, आणि का, तर ते फोटो सुखानं राहावेत म्हणून. यानं ते फोटोच पुसले आणि मशीन सुधारलं म्हणून मिरवतो आहे. मी नाही नाही ते बोलले. सगळे मलाच समजवायला लागले, की पोराचा हेतू वाईट नव्हता, जाऊ द्या. का जाऊ द्यायचं? मला विचारायला एक फोन जड झाला होता का?

परवा मी केडगावला असतानाच नेवाशाकडच्या एक बाई आल्या. अण्णा गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. ऐकून दारातच बसल्या, पदरानं डोळे पुसले. मग अवघडून म्हणाल्या, "ताई, आमच्या मालकांचा न् आमच्या गाईचा फोटू हाय बगा हितं, मागल्या साली बघून गेलतो. मालक औंदा गेले. त्येंचा गाईसंगं हसताना दुसरा फोटू न्हाई आमच्याकडं. येकडाव दावता का?" मी संदीपकडे बघितलं. कसं सांगावं हे न कळून त्यानं उगाच बटण दाबलं. स्क्रीन क्षणात उजळला, निळा, कोरा. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, पदर सावरला आणि चेहरा स्क्रीनजवळ नेला.

"लई लवकर उघाडला की यंदा," त्या म्हणाल्या. "दावा."